मासळीचं कातडं कमावताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या घाण्याचा चिकट सरस झाला.

हॉटेलातून आणलेल्या सॅमनच्या आठ कातड्या होत्या. बाभळीच्या सालीचा काढा उकळला, गाळला, निवायला ठेवला. थोड्या वेळाने बोट बुडवून पाहिलं, चटका बसला नाही. म्हटलं झालं, आणि कातड्या आत सोडल्या. डोळ्यांदेखत त्यांच्या कडा कोळंबीसारख्या वळल्या. वीतभर कातडी बोटाएवढी झाली, जाड आणि रबरासारखी. सैल पडतील या आशेने रात्रभर तशाच ठेवल्या, तर सकाळी टोपाच्या तळाला चिकट लगदा. आईने डोकावून पाहिलं. "काय गो, लोणचं घातलंस काय?"

आई मासळीबाजारात बसते. आम्ही मुंबईच्या मढ बेटावरचे, घरात मासळीला तोटा नाही, आणि तिच्या पाटीखाली रोज जे साचतं त्यावरच माझा डोळा होता. त्या दिवशी काय चुकलं ते आधी सांगते, कारण पुढची सगळी कृती त्या एका चुकीभोवती फिरते.

कातडी म्हणजे मुख्यतः कोलॅजनचे धागे, आणि ओल्या कोलॅजनला ऊब सोसत नाही. एका ठरावीक तापमानाला त्याची वीण उसवते, कातडी आकसते आणि मग तिचं जिलेटिन होतं. सरस बनतो तो याच मार्गाने. गाईचं कच्चं कातडं पाण्यात साधारण ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं. कॉड, सॅमन अशा थंड समुद्रातल्या माशांची कातडी चाळिशी ओलांडली की धोक्यात येते. आपल्या उष्ण पाण्यातले मासे त्या मानाने चिवट. त्यांची कातडी पन्नाशीच्या पुढे जाऊन आकसते, कारण मासा ज्या पाण्यात वाढतो त्या पाण्याच्या बेतानेच त्याचं कोलॅजन घडतं. म्हणजे जो काढा जिताड्याच्या कातडीने निभावून नेला असता, त्याच काढ्यात सॅमन शिजला. बोटाला कळतं ते फक्त 'पोळतंय' किंवा 'पोळत नाही'. डिजिटल थर्मामीटर स्वस्तात मिळतो. तो पहिल्या दिवशी घ्या आणि एक नियम बांधून घ्या: कातडी पूर्ण कमावली जाईपर्यंत २५ अंशांवरच्या कशातही बुडवायची नाही.

'कमावणं' म्हणजे ही वीण कायमची पक्की करणं. सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, कोलॅजनच्या धाग्यांत शिरून त्यांना बांधून ठेवतं. मग ती कातडी कुजत नाही, वाळली तरी लाकडासारखी होत नाही, ऊबही बऱ्यापैकी सोसते.

हे आधी कोण करत होतं?

बहुतेक बेटांवरचे आणि थंड किनाऱ्यांवरचे लोक. जपान-रशियाकडच्या होक्काइदो आणि साखालिन बेटांवरचे आयनू लोक सॅमनच्या कातड्याचे बूट शिवत आणि तळव्याला कातडीवरचा पर (माशाचा पोहायचा पंख) तसाच ठेवत, बर्फावर पाय घसरू नये म्हणून. अलास्काच्या कोडियाक बेटावरच्या अलुतिक लोकांकडेही सॅमनची कातडी कपड्यांसाठी वापरली जाई. आइसलँडमध्ये गरीब घरातले लोक वुल्फफिशच्या कातडीचे जोडे घालत. ते इतके लवकर झिजत की डोंगरातली वाट किती लांब आहे हे ती पार करताना किती जोडे फाटतात यावरून सांगत. आपल्याकडे अंतर विड्यांवर मोजायचे तसंच हे.

आज या कामात आइसलँडचं नाव पुढे आहे. उत्तरेतल्या साउदारक्रोकुर या छोट्या गावातल्या चामड्याच्या कारखान्याने १९९० च्या दशकात सॅमन, पर्च, कॉड, वुल्फफिश यांची कातडी कमावायला घेतली. पाणी तापवायला जमिनीतलं गरम पाणी, वीज जलविद्युतची, कच्चा माल शेजारच्या फिलेट (बिनकाट्याचे तुकडे) काढणाऱ्या कारखान्यातून. देशाच्या पश्चिमेकडच्या इसाफ्योर्दुर गावात केरेसिस नावाची कंपनी कॉडच्या कातडीपासून जखमांवर लावायचं आवरण बनवते. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या कोलोप्लास्टने ती १.३ अब्ज डॉलरपर्यंतच्या किमतीला घेतली. हा आकडा ऐकून घरी कोणाच्या डोक्यात भलतं शिरायला नको; त्यामागे प्रयोगशाळा आणि वैद्यकीय परवानग्या आहेत. आपण घरगुती बादलीपुरतं बोलतोय.

कोणता मासा घ्यायचा

जिताडा. दुसरं काही सुचवायचं झालं तरी मी पुन्हा जिताड्यावरच येईन. कातडी जाड, खवले मोठे आणि एका ओळीत, पोटाकडेही फार पातळ होत नाही. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात आणि तिथे त्याचं चामडं बनतं. आपल्याकडे खाडीत मिळतो, पेण-अलिबागकडच्या तळ्यांत पाळतातही. त्याखालोखाल तांबोशी आणि हेकरू, म्हणजे हॉटेलवाले 'बोनलेस'साठी घेतात ते मासे. घोळीची कातडी मिळाली तर सोडू नका. तिचं बोत (पोटातली हवेची पिशवी) सोन्याच्या भावाने जातं, कातडीकडे कोणी पाहत नाही.

सुरमईच्या मागे लागू नका. कातडी कागदासारखी, त्यात तेल. बांगडा तर नकोच. शिंगाळ्याला खवले नाहीत, त्यामुळे चामडं गुळगुळीत निघतं, पण आधी चिकट बुळबुळ काढताना जीव मेटाकुटीला येतो. सॅमन जमतो, चरबी काढायची तयारी असेल तर. मुशी (शार्क) आणि पाकट यांच्या कातडीत वाळूसारखे कडक दाणे असतात, त्याची पद्धत वेगळी. शिवाय शार्क आणि पाकटांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. जात ओळखता येत नसेल तर हात लावू नका.

आता खरी अडचण. आपण मासे कातडीसकट खातो. कोळीण आडव्या तुकड्या पाडते, म्हणजे कातडीच्या पट्ट्या होऊन त्या कालवणात जातात. अख्खी कातडी मिळते ती फक्त जिथे फिलेट काढतात तिथे: हॉटेलं, प्रोसेसिंगचे कारखाने, किंवा बाजारातली बोनलेस करून देणारी एखादी मावशी. तिच्याशी दोस्ती करा. सुरी कातडीला चिकटवून, आडवी ठेवून, शेपटीकडून डोक्याकडे एका ओढीत काढायला सांगा. मांस थोडं राहिलं तर चालेल, कातडीला भोक नको. माझ्या पहिल्या महिन्यातल्या निम्म्या कातड्या बरोबर मधोमध कापलेल्या निघाल्या, कारण 'कचऱ्यात जाणार' म्हणून कोणी जपून काढलीच नव्हती. कातडीमागे थोडे पैसे द्यायला लागल्यावर सुरी आपोआप सरळ चालू लागली.

पहिला तास

कातडी बिघडते ती बादलीत नाही, त्याच्या आधी. एका हॉटेलाने मला सकाळच्या कातड्या संध्याकाळी दिल्या, पिशवीत बांधून ओट्याखाली ठेवलेल्या. दिसायला ठीक होत्या. धुताना खवल्यांखालचा रंगाचा थर बोटाबरोबर निघून आला. वरचा पापुद्रा एकदा कुजला की त्याला परत आणणारं काही नाही. म्हणून बर्फाचा डबा स्वतः घेऊन जा आणि कातडी मासा कापल्या कापल्या त्यात टाका.

घरी आणल्यावर त्याच दिवशी काम करायचं नसेल तर दोन वाटा आहेत. एक, कातड्या सपाट पसरून, मध्ये प्लॅस्टिक घालून फ्रीझरमध्ये. दोन, खडे मीठ. १ किलो कातडीला अर्धा किलो मीठ दोन्ही बाजूंनी चोळायचं, चाळणीत थर लावायचे म्हणजे पाणी निथळतं, आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये. बेटावर, जिथे वीज जाते-येते, तिथे मीठच भरवशाचं. फ्रीझरमधली कातडी एकदाच वितळवायची; पुन्हा गोठवली की ती भुसभुशीत होते.

हंगामाचंही आत्ताच सांगून टाकते. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी करा. मे महिन्यात आमच्या टाकीतलं पाणीच तिशीच्या वर असतं. जून-जुलैत मासेमारी बंद आणि हवा इतकी दमट की चामड्यावर दोन दिवसांत बुरशी. नारळी पौर्णिमेनंतर मासळी येते, पण कातडी साठवून ठेवावी आणि थंडीची वाट पाहावी, असं माझं मत. आइसलँडच्या नळाला जे फुकट येतं ते आपल्याला बर्फाने विकत घ्यावं लागतं.

खरवडणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळं काम यावरच उभं आहे.

कातडी थंड पाण्यात भिजवून मऊ करा. एखादा जाड पीव्हीसी पाइप किंवा पालथी काचेची बरणी घ्या, तिच्यावर कातडी मांसाची बाजू वर करून पसरा. धारदार सुरी नको. बोथट सुरी, चमचा, किंवा मी वापरते तो मोठा शिंपला. शिंपल्याची कड कातडीच्या गोलाईशी जुळते आणि चुकून दाब जास्त पडला तरी कापत नाही. डोक्याकडून शेपटीकडे खरवडा. आधी मांस निघेल, मग चरबीचा पिवळट थर, आणि त्याखाली एक पातळ पांढरी साय दिसेल. ती साय निघायलाच हवी. ती राहिली तर काढा आत शिरत नाही, तेवढा भाग पुठ्ठ्यासारखा कडक होतो, आणि पुढे वास येतो तो तिथूनच.

मग कातडी उलटा आणि खवले काढा, शेपटीकडून डोक्याकडे, चमच्याच्या कडेने. प्रत्येक खवल्याखाली कातडीचा एक छोटा खिसा असतो. चामड्यावर जी नक्षी दिसते, ती म्हणजे हेच रिकामे खिसे. घाई केली की खिशाची झालर फाटते आणि नक्षी पुसट होते. पोटाकडचा भाग पातळ, तिथे हात हलका.

एका जिताड्याच्या कातडीला मला आता वीस मिनिटं लागतात. पहिल्या वेळी तास लागला होता.

आता चरबी. १ लिटर थंड पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड आणि मोठा चमचा मीठ. त्यात कातड्या अर्धा तास, मधूनमधून हाताने चोळत. पाणी फेका, पुन्हा करा. तीन वेळा. सॅमन असेल तर पाच. पाणी तेलकट दिसायचं थांबलं की थांबा. "पर्सला मासळीचा वास येणार नाही का?" हा प्रश्न तुम्हाला जन्मभर विचारला जाईल. उत्तर इथेच ठरतं. नीट धुतलेल्या आणि कमावलेल्या कातडीला सालीचा वास येतो, मासळीचा नाही.

चुना: पहिल्या वेळी टाळा

चुन्याने कातडी फुगते, धागे मोकळे होतात, खवले आपसूक सुटतात आणि काढा खोलवर जातो. कारखान्यात ही पायरी असतेच. पण नवख्या माणसाच्या हातून चुन्याने कातड्या वाचण्यापेक्षा मरतात जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याला, कातडी जाड असेल तेव्हा करून बघा. लिटरभर पाण्याला भिजवलेल्या चुन्याचा एक सपाट चमचा, कातडी त्यात रात्रभर, गार जागी. कळीचा चुना घरी विरवायला जाऊ नका, तो उसळतो. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा.

मग चुना पूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर टॅनिनशी लागून काळपट डाग पडतात. पाणी बदलत अर्धा तास धुवा, नंतर लिटरभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून त्यात तासभर ठेवा. निघाला की नाही हे बघायला बाजारातून काही आणायला नको. कातडीची कड ब्लेडने कापा आणि कापलेल्या जागी हळदीच्या पाण्याचा थेंब टाका. लाल झालं तर आत चुना आहे. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

काढा

आपल्याकडे सालीने कातडं कमावण्याची मोठी परंपरा आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावतात. तिथले कारागीर कातडं पिशवीसारखं शिवून, आत साल आणि पाणी भरून टांगून ठेवत, म्हणजे काढा आतून बाहेर झिरपत राही. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी हे केलं त्यांना समाजाने गावाबाहेर बसवलं. मासळीच्या कातडीवर आज कौतुकाचे लेख येतात तेव्हा हे माझ्या मनातून जात नाही. कोणी असा जुना कारागीर ओळखीचा असेल तर थर्मामीटरच्याही आधी त्याला जाऊन भेटा. कातडं हातात घेऊन तो जे सांगेल ते मी लिहून सांगू शकणार नाही.

अर्धा किलो निथळलेल्या कातडीला अर्धा किलो बाभळीची साल आणि १०० ग्रॅम हिरड्याची पूड. दोन्ही काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. हिरडा आपल्या सह्याद्रीतलाच, जुन्नर-आंबेगावकडचे आदिवासी गोळा करतात. बाभळीने तांबूस तपकिरी रंग येतो, नुसत्या हिरड्याने फिकट पिवळसर. खैराचा कात घातला तर गडद. मी बाभूळ आणि हिरडा एकत्र वापरते, कारण नुसत्या बाभळीचं चामडं उजेडात हळूहळू लालसर होत जातं.

साल ठेचून रात्रभर भिजवा. सकाळी स्टीलच्या टोपात ३ लिटर पाण्यात मंद आचेवर दोन तास उकळा. गाळा. हा झाला घट्ट काढा. उरलेल्या सालीत पुन्हा ३ लिटर पाणी घालून तासभर उकळा. हा पातळ. हिरड्याची पूड अर्धा लिटर गरम पाण्यात वेगळी भिजत घाला आणि गाळून घट्ट काढ्यात मिसळा. मग रात्रभर निवू द्या. थर्मामीटर घाला. हो, पुन्हा घाला.

लोखंड जवळ येऊ देऊ नका. कढई, तवा, गंजलेली बादली, काही नाही. हिरडा आणि हिराकस यांची शाई करत असत, आणि हिराकशीत असतं ते लोखंडच. माझ्या दुसऱ्या घाण्यातल्या चामड्यावर कडेने काळे ठिपके आले, बरोबर सारख्या अंतरावर. वाळवताना फळीवर ठोकलेले खिळे लोखंडी होते.

बादलीतले बारा दिवस

सुरुवात पातळ काढ्यापासूनच करायची. तो कोऱ्या चहाच्या रंगाचा असावा. जास्त गडद असेल तर पाणी घाला. लिटरला दोन मोठे चमचे मीठ टाका. घट्ट काढ्यात थेट टाकलेल्या कातडीचा वरचा थर लगेच कमावला जातो आणि दार बंद होतं; आतला भाग कच्चाच राहतो आणि पुढे कुजतो. बाहेरून सुरेख दिसणारी अशी कातडी दोन महिन्यांनी मधून सोलून येते.

पहिला तासभर कातड्या हाताने सतत हलवा. दुमडलेल्या जागी काढा पोहोचला नाही तर पांढरी रेघ उमटते आणि ती जात नाही. त्यानंतर सकाळ, दुपार, रात्र ढवळा. कातडी पाण्यावर तरंगता कामा नये, वर चिनी मातीची बशी उपडी ठेवा. दिवस तापला तर गोठवलेल्या पाण्याची बाटली बादलीत सोडा. नुसता बर्फ टाकला तर तो वितळून काढा पातळ होतो.

दोन दिवसांनी थोडा काढा काढून तेवढाच घट्ट काढा घाला. चौथ्या दिवशी पुन्हा. सहाव्या दिवसापासून कातड्या पूर्ण घट्ट काढ्यात. पातळ तांबोशी आठवड्यात होते, जिताड्याला दहा-बारा दिवस लागतात. मध्येच काढ्यावर फेस आला, आंबूस वास सुटला तर थोडं आंबणं चालतं. कुजका वास मात्र चालत नाही. तो आला तर कातड्या मिठाच्या थंड पाण्यात धुवून नव्या काढ्यात घाला आणि बादली फ्रीजजवळ नव्हे, फ्रीजमध्ये ठेवा.

झालं की नाही? मानेकडचा, म्हणजे सगळ्यात जाड भागाचा एक छोटा तुकडा नव्या ब्लेडने कापा आणि उजेडात कड बघा. दोन तपकिरी थरांच्या मध्ये फिकट, काचेसारखी रेघ दिसली तर आतून कच्ची आहे. दोन दिवस आणखी. रेघ नाहीशी होऊन कड आरपार एका रंगाची झाली की तोच तुकडा ६० अंशांच्या पाण्यात मिनिटभर टाका. सपाट राहिला तर कमावलं. वळला तर अजून नाही. पहिल्यांदा हा तुकडा सपाट राहिलेला पाहिला तेव्हा मी आईला बाजारात फोन केला होता. तिला गिऱ्हाईक होतं, तिने ठेवून दिला.

तेल आणि ओढाओढ

कमावलेली कातडी धुवा आणि निथळा. अशीच वाळवली तर पापड होईल. आता धाग्यांमध्ये तेल जायला हवं. अंड्याचा एक बलक, दोन चमचे एरंडेल, अर्धा चमचा भांड्यांचं लिक्विड, आणि अर्धा लिटर कोमट पाणी, बाळाच्या दुधाइतकं. आता एवढी ऊब चालते. दुधासारखं पांढरं होईपर्यंत फेटा. बलकामुळे तेल आणि पाणी एकजीव राहतं. कातड्या यात दोन तास, मांसाच्या बाजूने चोळत. रंगांच्या दुकानात टर्की रेड ऑइल मिळालं तर ते आणखी बरं. तेही एरंडेलाचंच, पण पाण्यात मिसळणारं. खोबरेल वापरू नका. थंडीत थिजतं आणि पुढे खवट होतं.

मग सावलीत टांगा. कातडी गालाला लावली की गार लागते पण ओल येत नाही, ती वेळ पकडायची. पाटाच्या कडेवरून, मांसाची बाजू खाली ठेवून, दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढा. उभी, आडवी, तिरकी. थोडी वाळू द्या, पुन्हा ओढा. धागे वाळताना एकमेकांना चिकटू पाहतात, तुम्ही त्यांना चिकटू द्यायचं नाही, एवढंच हे काम. दिवसभरात एका कातडीला तासभर तरी लागतो. दंड भरून येतात. जिथे आळस केला तिथे चामडं कडक राहतं आणि बोटाला ते लगेच कळतं. कडक राहिलीच तर ओलसर फडक्यात गुंडाळून पुन्हा ओढता येते, हे त्यातल्या त्यात बरं.

शेवटी प्लायवर पितळी टाचण्यांनी ताणून, पंख्याखाली एक दिवस. ऊन नको, हेअर ड्रायर तर अजिबात नको. वाळल्यावर काचेच्या बाटलीच्या बुडाने दाबून घासलं की नक्षीच्या वरच्या कडांना चमक येते आणि खिसे मॅट राहतात. वर मधमाशीच्या मेणाचा हलका हात.

काय बनवायचं

एका किलोभराच्या जिताड्याची एक बाजू म्हणजे हातभरही चामडं नाही. पिशवी डोळ्यासमोर ठेवून सुरुवात केलीत तर निराश व्हाल. घड्याळाचा पट्टा, चिल्लर ठेवायचं पाकीट, चष्म्याचं घर, कानातले. चामडं पातळ असलं तरी त्याचे धागे एकमेकांना छेदून जाणाऱ्या थरांत असतात, त्यामुळे ते सहज फाटत नाही. पण आकार टिकायला मागे सुती कापड किंवा शेळीचं पातळ चामडं चिकटवावं लागतं. एकाच माशाच्या दोन्ही बाजू पाठीच्या रेषेवर जोडल्या तर नक्षी आरशासारखी जुळते. तुकडे फेकू नका. कॅरिबियनमध्ये लायनफिश या घुसखोर माशाचा सुळसुळाट झाल्यावर तिथल्या बेलीझ देशातल्या बायकांनी त्याच्या परांचे दागिने करायला घेतले, आणि ते पर बोटाएवढेच असतात.

विकायचं ठरलं तर किंमत कातडीची लावू नका, ओढाओढीच्या तासांची लावा. आणि बादलीवरून टाकीवर जायच्या आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करा. कातडं कमावण्याचा उद्योग सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या 'लाल' गटात मोडतो, साल वापरली तरी. जास्त शिकायचं असेल तर चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. क्रोमियमच्या मिठाने दिवसाभरात कमावता येतं, जगातलं बहुतेक चामडं तसंच बनतं, पण ते सांडपाणी घरच्या मोरीत सोडायचं नाही. बेटावर तर नाहीच. तिथे मोरी जिथे संपते तिथूनच खाडी सुरू होते.

सालीचा काढाही खाडीत ओतू नका. टॅनिन पाण्यातला प्राणवायू खातं आणि माशांना बाधतं. ज्यांची कातडी घेतली त्यांच्याच पिलांना हा त्रास कशाला. मीठ घातलेला पहिला काढा झाडांना चालत नाही, तो पसरट घमेल्यात उन्हात आटवा आणि उरलेला साका कोरड्या कचऱ्यात टाका. उकळलेली साल वाळवून चुलीत. आणि शेवटचा घट्ट काढा फेकूच नका. त्यातलं बरंचसं टॅनिन कातडीत गेलेलं असतं, रंग चहासारखा फिका झालेला असतो. फडक्याने गाळा, बाटल्यांत भरा, फ्रीजमध्ये ठेवा. पुढच्या घाण्याच्या पहिल्या दोन दिवसांना असाच पातळ काढा लागतो, आणि जुन्यात पडलेली कातडी नव्यातल्यापेक्षा मऊ निघते असा माझा अनुभव आहे. बाटलीवर तारीख आणि 'पिऊ नये' असं लिहा. आमच्याकडे एकदा पाहुण्यांना कोकम म्हणून निघाली होती.